चौकशीशिवाय खोली मिळणार नाही

नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या एका कॉलनीत कोंडाजी गांगुर्ड्यांच्या फाटकावर पत्र्याची पाटी होती. तांबड्या रंगात, स्वतःच्या हातानं रंगवलेली. ‘खोली भाड्याने देणे आहे. चौकशी फी रु. ५१. परत मिळणार नाही. चौकशीशिवाय खोली मिळणार नाही.’ वाचणारे हसायचे. खोली मिळायच्या आधीच पैसे? हे कुठलं शास्त्र काढलं म्हाताऱ्यानं? हसायचे, आणि खिशात हात घालायचे. कारण खोल्या चांगल्या होत्या, नळाला दोन्ही वेळ पाणी होतं आणि स्टेशन चालत जाण्याजोगं होतं.

कोंडाजी चौतीस वर्षं पोस्टमन होते. त्र्याण्णव साली रिटायर झाले, फंडाचे पैसे आले आणि त्यांनी खाली दोन, वर दोन अशा खोल्या बांधल्या. खाली स्वतः आणि बायको लताबाई. मूलबाळ नाही. वरच्या दोन खोल्या भाड्यानं. पेन्शन होतीच, त्यामुळे भाड्यावाचून चूल अडत नव्हती. पण रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी लागतं हो! काल-परवापर्यंत ज्याची अख्खी गल्ली वाट बघायची, त्याला आज कुत्रंसुद्धा भुंकत नाही. कोंडाजींनी त्यावर चौकशीचा उपाय काढला.

त्यांची पद्धत साधी होती. खोली मागायला माणूस आला की त्याला कामधंदा, पगार असलं काही ते फारसं विचारत नसत. ‘तोंडानं काय, कुणी पण कलेक्टर होतं,’ म्हणायचे. ते फक्त आधीचा पत्ता लिहून घ्यायचे. मग दुसऱ्या दिवशी सायकल काढायची, त्या भागाच्या पोस्टमनला गाठायचं, त्याला चहा पाजायचा आणि विचारायचं, ह्या माणसाला टपाल काय येतं रे? बँकेची नोटीस येते का? कोर्टाचं रजिस्टर पाकीट येतं का? पाकीट सही करून घेतो, की बायकोला पुढं करून ‘घरी नाहीत’ म्हणवतो? गावी मनिऑर्डर करतो का? आईच्या नावानं करतो, की आणखी कुणाच्या? एका कप चहात माणसाची कुंडली हातात यायची. एक्कावन्न रुपये त्या रपेटीचे.

हे चालण्यासारखं होतं का? नव्हतं. कुणाला काय टपाल येतं हे गल्लीत सांगायचं नसतं, हे पोस्टमनला पहिल्या दिवशी शिकवतात. पण जुन्या माणसानं खांद्यावर हात ठेवून विचारलं की पोरं बोलायची. आणि गंमत म्हणजे कोंडाजींचा अंदाज सहसा चुकत नसे. दोन चिटफंडवाले त्यांनी असे फाटकातूनच परत पाठवले, पुढे त्यांच्या नावानं शिमगा झाला तेव्हा कॉलनीनं तोंडात बोटं घातली. मग काय विचारता! नोटांच्या प्रेसमधले, रेल्वेतले, ज्यांच्या ज्यांच्या वरती खोली होती ते सगळे ‘कोंडाजीराव, जरा बघून सांगा हो’ म्हणत यायला लागले. कोंडाजी नाही म्हणाले की त्या माणसाला त्या आळीत खोली नाही. लताबाई म्हणायच्या, “अहो, तुम्ही पोस्टमन होता का फौजदार?” कोंडाजींना ते ऐकून बरंच वाटायचं.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत ललिता आली. तिशीच्या आतबाहेरची, हातात कापडी पिशवी, सुती साडी, बालवाडीत शिकवायची. देवळाली गावात भावाकडे राहत होती. बरोबर सात वर्षांची मुलगी, चैताली. पोरगी फाटकाची कडी वर-खाली करून वाजवत होती, लताबाईंनी तिला आत बोलावून गुळपोळीचा तुकडा दिला.

“मिस्टर कुठं असतात?” कोंडाजींनी विचारलं.

“सुरतला असतात. कामाला.” ललिता म्हणाली, आणि एक्कावन्न रुपये मोजून ओट्यावर ठेवले.

कोंडाजींनी पावती फाडली. दुसऱ्या दिवशी देवळाली गावाचा पोस्टमन कारभारी भेटला. चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत त्यानं सांगून टाकलं, “त्या बाईला कोर्टाची रजिस्टरं येतात, दादा. तीन आली. नवरा बिवरा काय सुरतला नाय, हितंच नाशकात, द्वारका भागात राहतो.”

झालं! कोंडाजींच्या हिशेबात कोर्टाचं पाकीट म्हणजे बुडवेगिरी. त्यात खोटंही बोलली. तिसऱ्या दिवशी ललिता फाटकाशी उभी राहिली तेव्हा त्यांनी तिला बसासुद्धा म्हटलं नाही. “बाई, आम्हाला सरळ माणसं लागतात,” एवढंच बोलले.

ललिता गेली नाही. फाटक धरून उभी राहिली, मग सगळं सांगितलं. नवरा मारतो म्हणून घर सोडलं होतं. पाकिटं येतात ती मुलीच्या ताब्याच्या केसची. नवऱ्याचं म्हणणं, हिला ना घर ना दार, पोरीला हिच्याकडे कशाला ठेवायचं. वीस फेब्रुवारीला तारीख होती. वकिलानं सांगितलं होतं, स्वतःच्या नावाची भाडेपावती आणा, राहायची जागा आहे हे दाखवा, बाकीचं मी बघतो. भावजय महिन्याअखेर बाहेर काढणार होती. आणि नवऱ्याला सोडलेली बाई म्हटलं की कुणी खोली देत नाही म्हणून सुरत सांगितली.

“काका, एक पावती नसली तर माझी पोरगी जाईल हो,” ती म्हणाली.

लताबाई दारातून ऐकत होत्या. त्या पुढं आल्या आणि सरळ म्हणाल्या, “अहो, द्या की. रिकामीच आहे वरची खोली.”

इथं, या एका जागी, कोंडाजींना माणूस व्हायची संधी होती. तोंडानं ‘बरं’ म्हणायचं होतं, बाकी काही नाही. पण तसं केलं तर पाटीचा मान राहतो कुठं? ते म्हणाले, “तोंडी सांगितलेलं मी धरत नाही. चौकशी करतो, मग बघू.” आणि सायकल काढून द्वारकेला गेले. नवऱ्याच्या भागातल्या पोस्टमनकडे!

द्वारकेचा पोस्टमन झुंबर त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं सांगितलं, “सुनीलभाऊ ना? एकदम क्लास माणूस. पाण्याच्या पंपांचा सेल्समन आहे. विम्याचा हप्ता वेळेवर, आईला चांदवडला दर महिन्याला मनिऑर्डर. नोटीस नाय, काय नाय. दिवाळीला मला शर्टपीस देतो.” मनिऑर्डर ऐकली आणि कोंडाजी विरघळले. चौतीस वर्षांत त्यांचा एकच सिद्धांत पक्का झाला होता, की आईला मनिऑर्डर करणारा माणूस वाईट नसतो. बायकोला बडवणाराही आईला मनिऑर्डर करू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. फॉर्मवर तसा रकाना नसतो ना!

शितावरून भाताची परीक्षा करायची सवयच लागली होती त्यांना. त्याच संध्याकाळी कॉलनीत सांगून मोकळे झाले, “ती देवळालीची बाई आली तर जपून. खोटं बोलते, कोर्टात केस आहे.” पुढच्या आठ दिवसांत ललिता पाच घरी गेली आणि पाचही ठिकाणी तिला ‘आत्ताच दिली हो खोली’ असं ऐकायला मिळालं. दोघांनी फीही घेतली. कोंडाजींची ती फीची रीत आता आळीभर झाली होती.

झुंबरनं सुनीलला सांगितलं असणारच, कारण त्या रविवारी तो दत्त म्हणून हजर. पांढरा शर्ट, गोड बोलणं, हातात द्राक्षांची पेटी. कोंडाजींच्या पायाच पडला. “काका, तुमच्यासारखी जाणती माणसं आहेत म्हणून निभतंय,” म्हणाला. मग हळूच मुद्द्यावर आला. तिला कुणी खोली का देत नाही, ती काय खोटं बोलली, हे तुम्ही लिहून द्याल का? पोरीच्या भल्याचा प्रश्न आहे.

“नका भानगडीत पडू,” लताबाई म्हणाल्या. “दोघांच्या मधे आपण कोण?”

“खरं तेच लिहायचंय ना? मग भ्यायचं कशाला?”

वकिलाच्या टेबलावर स्टॅम्पपेपर होता. ‘मी, कोंडाजी गांगुर्डे, वय त्रेसष्ट वर्षे, सेवानिवृत्त पोस्टमन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’... कोंडाजींच्या आयुष्यात त्यांच्या नावानं एवढा मोठा कागद पहिल्यांदाच टाईप झाला होता. ललितानं पतीबद्दल खोटी माहिती दिली. चौकशीअंती तिला राहण्यास जागा मिळू शकली नाही. तिचे पती सद्वर्तनी आहेत असे चौकशीत आढळले. कोंडाजींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि सही ठोकली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण जागा का मिळाली नाही, कुणामुळे मिळाली नाही, हे तेवढं कागदावर नव्हतं.

मार्चात निकाल लागला. मुलीचा ताबा बापाकडे. आईनं महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारात भेटावं. ललिताला पुढे पेठकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात काम मिळालं, राहायला खोली मिळाली, आणि तिथं कुणी तिची चौकशी केली नाही म्हणे. हे कारभारीनं सांगितलं. तिचं टपाल आता तिकडे वळवलं होतं.

आणि जूनमध्ये सुनील खोली मागायला आला. द्वारकेची जागा लहान पडते, आईला चांदवडहून आणायचंय, पोरीला शाळा जवळ हवी. कोंडाजी हरखले. त्यांनी फी घेतली नाही. म्हणाले, “तुमची कसली चौकशी? तुम्ही घरचे.” सायकल भिंतीला टेकलेलीच राहिली. लताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, पण त्यांना विचारतो कोण!

आता जे द्वारकेला होत होतं ते डोक्यावर व्हायला लागलं. सुनील आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. घरी असला की वरून आवाज यायचे. त्याच्या आईची जीभ म्हणजे विळा. चैताली शाळेत जायच्या आधी खालच्या नळावरून कळशा वर न्यायची, खांद्याला घट्टे पडले पोरीच्या. एकदा गालावर चार बोटं उठलेली घेऊन खाली आली, लताबाईंनी विचारलं तर म्हणाली, “मी पडले.” लताबाई आत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “हेच का तुमचं सद्वर्तन?” कोंडाजींनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. त्यांनाही कळत होतं. पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण आता बोलायचं म्हणजे स्टॅम्पपेपरवरची सही चाटून पुसायची. कॉलनी काय म्हणेल? कोंडाजी चुकले! त्या दोन शब्दांची त्यांना वाघापेक्षा जास्त भीती होती.

श्रावणात पहिलं पत्र आलं. आंतरदेशीय, निळं. चि. चैताली हिस. नवा पोस्टमन जुन्या माणसाचा मान म्हणून घराचं सगळं टपाल कोंडाजींच्या हातात द्यायचा. सुनीलनं आधीच बजावलं होतं, “काका, तिच्या नावाचं आलं तर माझ्याकडे द्या. पोरीचं मन उगाच हलतं.” कोंडाजींनी दिलं. सुनीलनं न वाचता त्याचे चार तुकडे केले आणि बंबात टाकले.  गोदेला पूर आला असताना डोक्यावर पिशवी घेऊन कोंडाजींनी टपाल पोचवलं होतं. पत्र फाडताना त्यांनी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं.

दुसरं पत्र आलं ते त्यांनी सुनीलला दिलं नाही. तुम्हाला वाटेल, पोरीला दिलं. छे! ट्रंकेत ठेवलं. पोरीला द्यावं तर ती बोलणार, सुनीलला कळणार, तो भांडणार, कोर्टाचं निघणार, सही निघणार. बापाला द्यावं तर तो जाळणार. म्हणून ट्रंक. लताबाईंनाही सांगितलं नाही, कारण त्यांनी त्याच पावली वर नेऊन दिलं असतं. दर महिन्याला एक पत्र यायचं आणि कोंडाजी ते धोतराच्या घडीखाली सरकवायचे. मनाला म्हणायचे, पोरगी मोठी झाली की देऊ. भित्र्या माणसाला उद्या फार लांबचा दिसतो.

कोर्टाच्या आवारातल्या भेटी दोन-तीन झाल्या. नंतर दर तारखेला पोरीला ताप येऊ लागला, डॉक्टरच्या सहीनिशी. वर तिला सांगितलं होतं की आईनं दुसरं लग्न केलंय. एक दिवस पोस्टमनची घंटी वाजली तशी चैताली कळशी टाकून फाटकाशी धावली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पोस्टमननं नेहमीसारखा गठ्ठा कोंडाजींच्या हातात दिला. वरतीच निळं पत्र होतं. कोंडाजींनी ते विजेच्या बिलाखाली सरकवलं.

“आजोबा, माझ्या नावाचं टपाल येतं का हो कधी?”

“नाही, बाळ.”

“आईला आपला पत्ता माहीत नसेल का?”

“नसेल,” कोंडाजी म्हणाले.

नंतर तिनं विचारलं नाही. घंटी वाजली तरी कळशी भरत राहायची.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये, शाळेची परीक्षा संपली त्या आठवड्यात सुनीलनं खोली सोडली. भर दुपारी टेम्पो लागला, तासाभरात सामान चढलं. भाडं चोख दिलं, वीजबिल चोख दिलं. चैताली टेम्पोत गादीवर बसली होती, लताबाईंनी तिला शेंगदाण्याचे लाडू दिले आणि पदर तोंडाला लावला. कोंडाजींनी किल्ली घेतली, खोलीच्या भिंती पाहिल्या, खिळे किती ठोकलेत ते मोजले. “बरं, सुखी राहा,” म्हणाले. चांगला भाडेकरू गेला म्हणून हळहळले आणि पाटीवर नव्यानं तांबडा रंग मारला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फाटक वाजलं. ललिता होती, बरोबर कोर्टाचा बेलिफ. केस पांढरे व्हायला लागले होते, पण ताठ उभी होती. हातात शिक्क्याचा कागद. वरच्या कोर्टानं मुलगी आईला द्यायचा हुकूम केला होता. तिच्या दुसऱ्या हातात नवं दप्तर होतं.

“चैताली कुठाय?” तिनं विचारलं.

कोंडाजी ओट्यावरून उठले. “गेले ते. दोन महिने झाले.”

“कुठं?”

“ते काही बोलले नाहीत.”

बेलिफनं वही काढली. “पुढचा पत्ता?”

कोंडाजींनी मान हलवली. अख्ख्या नाशिक रोडचे पत्ते ज्यांच्या जिभेवर, त्यांना आपल्या डोक्यावर तीन वर्षं राहिलेल्या माणसाचा पत्ता ठाऊक नव्हता. शाळेतून दाखला नेला होता, पंपांच्या दुकानातली नोकरी सोडली होती, चांदवडचं घर विकलं होतं. ह्या सगळ्या ठिकाणी बेलिफ आधीच फिरून आला होता. ही शेवटची जागा होती.

“काका,” ललिता म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “माझ्या भावाच्या गल्लीत जाऊन तुम्ही माझी पाकिटं मोजलीत. ह्यांना खोली देताना काय विचारलंत?”

 दारातून लताबाई म्हणाल्या, “काही नाही विचारलं, पोरी. फीसुद्धा घेतली नाही.”

काहीतरी द्यायला हवं होतं. नुसत्या हातानं त्या बाईसमोर उभं राहवेना. कोंडाजी आत गेले, ट्रंक उघडली आणि सुतळीनं बांधलेला निळ्या पत्रांचा गठ्ठा आणून तिच्या हातात ठेवला. तेहतीस पत्रं होती. तारखेप्रमाणे लावलेली, एकही कोपरा दुमडलेला नाही.

लताबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. “अहो, हे काय केलंत तुम्ही!” त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

ललिता पत्रं चाळत राहिली. स्वतःचंच अक्षर. खालून तिसरं तिनं ओढून काढलं, मार्चातलं, आणि चिकटवलेली कड बोटानं फाडली. तिनं ते मोठ्यानं वाचलं, शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द.

“‘चैतू, निकाल आपल्या बाजूनं लागतोय. जूनमध्ये मी तुला न्यायला येते. पप्पा तुला गुजरातला नेणार आहेत असं मला कळलंय. त्यांनी सामान बांधायला घेतलं तर तू खाली पळ आणि खालच्या आजीला सांग. आजी चांगल्या आहेत. त्या तुला ठेवून घेतील.’”

लताबाईंनी कपाळ चौकटीवर आपटलं.

“मार्चात आलं होतं हे,” ललिता म्हणाली. “एप्रिलपर्यंत तुमच्याकडे होतं. पोरीला द्यायचं नव्हतं तर नाही. पण काका, हे एकदा तरी तुम्ही उघडून बघायचं होतं हो!”

कोंडाजींचा वाकलेला कणा जुन्या सवयीनं सरळ झाला.

“दुसऱ्याचं टपाल,” ते म्हणाले, “चौतीस वर्षांत मी कधी उघडलं नाही, बाई.”